टेंपररीचा अर्थ

टेंपररी या शब्दावर माझा काडीचाही विश्वास नाही. महायुद्ध चालू असताना साताऱ्याजवळचं आमचं शेत सरकारनं लष्कराच्या छावणीसाठी घेतलं, तेव्हा कचेरीतला कारकून माझ्या वडिलांना म्हणाला होता, "आबा, घाबरू नका. टेंपररी आहे."

मी तेव्हा इंग्रजी शाळेत होतो. मास्तरांना अर्थ विचारला, तर ते खुलूनच सांगू लागले. हा शब्द लॅटिनमधून आला, त्याच्या मुळाशी 'काळ' आहे. जे काही काळापुरतं असतं, ते टेंपररी. घरी येऊन मी हे आबांना ऐकवलं.

"काळ कुणाचा? त्येंचा का आपला?" एवढंच ते म्हणाले.

मग आबा रोज बांधावर जाऊन उभे राहू लागले. तंबूंचं त्यांना काही वाटत नव्हतं. खुंट्या उपटल्या की तंबू निघतो. पण एक दिवस शिपायांनी वाटेच्या दोन्ही अंगांना कडुलिंबाची रोपं लावली. त्या दिवशी आबा जेवले नाहीत. "ज्याला जायाचं हाय, त्यो लिंब लावत न्हाई," म्हणाले.

युद्ध संपलं. तंबू निघाले, शिपाईही गेले. मी ऐटीत म्हणालो, "बघा आबा, टेंपररीच होतं की!"

"व्हय. मग त्या लिंबास्नी पानी कोण घालतंय रं?"

मी चिडून शेतावर गेलो. तिथं चिटपाखरू नव्हतं. रोपांची आळी मात्र ओली होती.