रविवारचा जादूगार

वसमतला माझ्या हॉटेलात दर रविवारी चार बाप्ये वीस बाजूंचा फासा घेऊन बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली सोंगं घेतात आणि कोण जगणार, कोण मरणार ते फासा ठरवतो. चार चहांवर चार तास टेबल अडवतात, बिनकामाचे लेकाचे!

त्यातला एक मोंढ्यातला हमाल. खांदे बैलाचे आणि सोंग मात्र काडीपैलवान म्हाताऱ्या जादूगाराचं. परवा गोष्टीत त्याला भली मोठी तलवार सापडली, तर म्हणाला, "आपल्याला न्हाई पेलायची. राहू द्या."

मी खवळलोच. "एवढा रेडा तू, पैलवान काहून होत न्हाईस?"

फासा मुठीत घोळवत तो म्हणाला, "हळदीची पोती हप्ताभर मीच उचलतो, मालक. रविवारी बी उचलू काय?"