घटप्रभेकाठचा खून आणि शहापूरची सोयरीक

आता हसायचं तेवढं हसा, पण चहाचा कप आधी खाली ठेवा. फजिती माझी आहे, धोतरं तुमची खराब व्हायची!

मी तेव्हा बेळगावात शाळामास्तर होतो आणि फावल्या वेळात रहस्यमय कादंबऱ्या पाडत होतो. हो, पाडतच! एकीतलं भुयार दुसरीत, दुसरीतला खंजीर तिसरीत. छापखान्यात दिली की मी ती विसरून जायचो. उगाच डोक्यात मढी कोण साठवील?

अशात शहापूरच्या वाचनालयानं व्याख्यानाला बोलावलं. विषय मीच सुचवला, 'रहस्यकथाकाराची तल्लख बुद्धी'. परीटघडीचा कोट घालून तासभर बोललो. टाळ्या पडल्या. तिथंच बसावं की नाही? पण "काही शंका?" असं विचारायची मला कोण हौस!

तुकाप्पा विणकर उठला. "गुरुजी, त्या घटप्रभेकाठच्या कादंबरीत खून कुनी केलता?"

त्याचं असं झालं होतं. तिथल्या विणकरांच्या घरी एकानं कादंबरी मोठ्यानं वाचायची आणि बाकीच्यांनी कांड्यांवर सूत भरत ऐकायची, अशी रीत. वाचनालयात प्रत एकच, आणि तिची शेवटची पानं गळून गेलेली! तुकाप्पा म्हणे, खुनी डॉक्टर. त्याचा होणारा व्याही शंकरअण्णा म्हणे, खुनी मामा. वाद इतका पेटला की बोलणं बंद झालं आणि सुपारी फुटलेलं लग्न अडलं.

"तुमी सांगशिला त्ये खरं," शंकरअण्णा म्हणाला. "माज्या पोरीचं लगीन तुमच्या हातात हाय बगा."

कसला डॉक्टर? कुठला मामा? मला काही म्हणजे काही आठवेना!

"अहो, रहस्य फोडणं पाप असतं."

"आनि लगीन मोडनं पुन्य व्हय?" बायकांतून शंकरअण्णाची बायको गंगाक्का कडाडली.

डॉक्टर म्हणावं तर मुलीकडचे बिथरणार, मामा म्हणावं तर मुलाकडचे. म्हटलं, तिसराच कुणीतरी धरू, म्हणजे दोघांचाही मान राहील. माझ्या प्रत्येक कादंबरीत एक इनामदार असतोच!

"दोघंही फसलात!" मी टेबलावर हात आपटला. "खून केला इनामदारानं!"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मला वाटलं, थक्क झाले.

"गुरुजी," तुकाप्पा हळूच म्हणाला, "खून इनामदाराचाच झालता न्हवं?"

इथं तरी शहाण्यानं माघार घ्यावी. मी कसला घेतोय!

"तीच तर गंमत! तो मेलाच नव्हता!"

"आँ? मढं जाळलं की वो त्येचं!"

"तेरावं बी झालं," गंगाक्का म्हणाली. "लाडू खाल्लं समद्यांनी."

"जाळला तो त्याचा जुळा भाऊ!"

"इनामदार एकुलता एक हाय!" अख्खं वाचनालय ओरडलं. "म्हनून तर वारसाचा घोळ!"

मी पाण्याचा पेला तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही. तेवढ्यात शंकरअण्णा तुकाप्पाकडं वळला. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच!

"पाव्हणं, मला काय वाटतंय सांगू?"

"मला बी त्येच वाटतंय, अण्णा."

आणि दोघं एकदमच म्हणाले, "ही कादंबरी ह्यांनी लिवलेलीच न्हाय!"

झालं! एकमत झालं आणि लग्नही झालं. खरं सांगतो, मला लई बरं वाटलं. आहेर म्हणून घरची धडधाकट प्रत बांधून नेली. आता तरी माझी लाज राहील, ही आशा.

गंगाक्कानं पुस्तक उघडलं. कुणी वाचायच्या आत शेवटची पानं टराटरा फाडली आणि घडी करून माझ्या हातात ठेवली.

"आमास्नी आता भांडान नगो," ती म्हणाली. "ही तुमीच ठेवा, गुरुजी. परत कुनी इचारलं तर तुमास्नीच लागतील!"