नव्वद की एकशेवीस

आमच्या हाडांच्या वॉर्डात प्लास्टर घालणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणत. डॉक्टर म्हणत, पेशंट म्हणत, पेशंटचे आजोबासुद्धा मामाच म्हणत. मी त्यांच्या खोलीत सिस्टर म्हणून अठरा वर्षं काढली आणि त्यातली निम्मी त्यांची बोलणी खाण्यात गेली. ‘सिस्टर, पाणी कोमट सांगितलं होतं, चहाला ठेवलंय का?’ ‘सिस्टर, बँडेज पिळताय की धुणं?’ असा तिखट माणूस. पण त्यांनी मोडका पाय नुसता हातात घेतला तरी ओरडणारा पेशंट गप्प व्हायचा. ते मला कधीच जमलं नाही.

त्यांची एक खोड होती. प्लास्टर भिजवण्याआधी ते पेशंटला विचारायचे, ‘काम काय करता?’ शिवणाऱ्याचं मनगट वेगळं बसवायचे, गाडी चालवणाऱ्याचं वेगळं. मला हे थेर वाटायचे. एकदा मी तसं बोलून दाखवलं, तर त्यांनी डावी बाही वर केली. लहानपणी हात मोडला होता, कुणीतरी तळवा पालथा ठेवून प्लास्टर घातलं, आणि कोपराखालची दोन हाडं एकमेकांना चिकटून जुळली. ती दोन हाडं एकमेकांवर फिरतात म्हणून आपला तळवा उलटासुलटा होतो. मामांचा डावा तळवा पन्नास वर्षं पालथाच होता. त्या हातात चमचा धरला तर तोंडापाशी येईपर्यंत रिकामा व्हायचा.

‘सांधा कधी आखडेल याचा नेम नाही,’ ते म्हणाले. ‘आखडायचाच असला तर कामाच्या जागी आखडू दे.’

गेल्या वर्षी सामानाच्या खोलीत वरच्या फळीवरचं खोकं काढताना मामा स्टुलावरून पडले. उजव्या कोपराचा चुरा झाला. तीन ऑपरेशनं झाली, आणि तिसऱ्यानंतर आत पू झाला. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, तिच्यामुळे सांधा मुकाट फिरतो. मामांच्या कोपरात ती उरलीच नाही, हाडावर हाड घासायला लागलं. बादली उचलताना ते माझ्याकडे पाठ करायचे. मी बघतच नाही असं दाखवायची.

शेवटी मोठ्या डॉक्टरांनी त्यांना बसवून सांगितलं. कृत्रिम सांधा घालता येणार नाही, पुन्हा पू झाला तर हातच जाईल. ‘दंडाचं आणि खालचं हाड कायमचं जोडून टाकू. दुखणं थांबेल. पण कोपर वाकणार नाही आणि सरळही होणार नाही. कोणत्या कोनात जोडायचं ते तुम्ही सांगा.’ मग वातावरण हलकं करावं म्हणून ते म्हणाले, ‘काय मामा, काम काय करता?’

मामा हसले नाहीत.

अशा ऑपरेशनआधी आमच्याकडे पद्धत आहे, की पेशंटने एकेका कोनात दोन आठवडे प्लास्टर घालून राहायचं. म्हणजे जन्मभर काय वाट्याला येणार याची चव आधीच कळते. सरळ हात म्हणजे शून्य, कोपर वाकेल तसा आकडा वाढतो. पहिलं प्लास्टर नव्वदचं, म्हणजे काटकोनात. ते मी घातलं आणि घालताना आयुष्यभराची बोलणी एका तासात खाल्ली. पण दुसऱ्या दिवसापासून मामा कामाला उभे. पाय धरणं, बँडेज गुंडाळणं, करवतीने जुनं प्लास्टर कापणं, सगळं काटकोनात बसत होतं. मला वाटलं, सुटला बाबा माणूस.

आठव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की त्यांचा पट्टा दोन भोकं आत गेलाय. मी त्यांचा डबा उघडून बघितला. सकाळी भरलेला तसाच होता. काटकोनातला हात तोंडापर्यंत जात नाही, छातीसमोर थांबतो, आणि डाव्या पालथ्या हातातून घास सांडतो. घरी दोन्ही वेळेला मामी भरवायच्या. दुपारी मामा उपाशी.

‘द्या, मी भरवते,’ मी म्हटलं.

‘मी काय पेशंट आहे?’

‘मग कोण आहात?’

त्यावर ते इतके भडकले की दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. लोकांना सांगणार, मदत घ्यायला लाजू नका, आणि आपण कोरडे पाषाण.

दुसरं प्लास्टर एकशेवीसचं घातलं. हात अंगाकडे जास्त वाकलेला. मान थोडी खाली केली की चमचा तोंडात. पहिल्या दुपारी मामांनी डबा चाटूनपुसून संपवला, वर माझ्यातली अर्धी पोळी घेतली. पण हात आता कायम हनुवटीखाली. टेबलावरच्या पायाला तो पोचेना. सगळं अंग वाकवून बघितलं, गुडघ्यावर बसून बघितलं. चौथ्या दिवशी मोठे डॉक्टर हळूच म्हणाले की असंच राहिलं तर बाहेर खुर्ची देऊ, नंबराच्या चिठ्ठ्या वाटायला. मामांनी मधला कोनही करून बघायला लावला. त्यात ना घास तोंडाशी जाई, ना पाय नीट धरता येई. इकडे आड, तिकडे विहीर.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी मामी आल्या. बारीक चणीची, कमी बोलणारी बाई. जिना चढल्यामुळे त्यांना धाप लागली होती, मी स्टूल पुढे केलं.

‘नव्वद,’ मामांनी त्यांना सांगितलं. ‘ठरवलंय मी. काम करणार. घरी तू आहेसच, आणि दुपारचं बघू.’

मला आनंद झाला. तो आनंद स्वार्थी होता हेही सांगून टाकते. त्यांच्याशिवाय ती खोली मला नको होती.

मामींनी धाप बसू दिली. मग म्हणाल्या, ‘आणि मी आधी गेले तर?’

‘काहीतरी बोलू नकोस.’

‘माझं हृदय कसं चाललंय ते तुम्हाला माहीत आहे. डॉक्टरांनी दोघांसमोर सांगितलंय. मग घास कोण घालणार? ह्या?’ त्यांनी माझ्याकडे बोट केलं. ‘त्या दोन आठवड्यांत ह्यांच्या हातून एक घास घेतला नाहीत तुम्ही. उपाशी राहिलात. डबा बाहेरच रिकामा करून आणायचात, मला सांगितलंतही नाही. मी पट्टा बघून ओळखलं.’

खरं सांगते, मला त्या क्षणी मामींचा राग आला. त्यांचं बरोबर होतं म्हणून जास्तच आला.

‘एकशेवीस,’ मामा म्हणाले. तेही बादलीकडे बघून.

हाडं चार महिन्यांत जुळली. दुखणं गेलं. मामा आता दाराबाहेरच्या खुर्चीवर बसून चिठ्ठ्या वाटतात. घरी मामी त्यांच्यासमोर हात बांधून बसतात, सांडलं तरी भरवायला उठत नाहीत. हे मामांनीच मला सांगितलं, जरा तक्रारीच्या सुरात.

प्लास्टर आता मी घालते. परवा घोट्यात मोडलेला पाय आला, भला जाडजूड माणूस. ओलं बँडेज गुंडाळताना टाच माझ्या हातातून सटकली आणि तो माणूस किंचाळला. मामा खुर्चीवरून उठून आत धावले, चिठ्ठ्या दारातच सांडल्या. टेबलापाशी आले आणि पाय धरायला गेले. स्नायूला फक्त ओढणं कळतं, पुढचं हाड हलणार आहे की नाही हे त्याला कुणी सांगत नाही. बाहीखाली त्यांचा दंड टरारून फुगला, ताठ झाला, थरथरला. हात होता तिथेच, हनुवटीखाली.

ते त्यांनीही बघितलं आणि मीही.

‘टाच धरा सिस्टर,’ ते म्हणाले. ‘घट्ट धरा.’ मी धरली. मग ते दारात जाऊन खाली बसले आणि डाव्या हाताने एकेक चिठ्ठी उचलायला लागले.