अण्णांचा टॉर्च कोणी पाहिलाय?

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. आमच्या दुकानात लोक बॅटऱ्या ठेवून जातात, "येतो ताई संध्याकाळी" म्हणतात आणि पुढच्या दिवाळीपर्यंत तोंड दाखवत नाहीत. किस्स्यांचंही तसंच. कोण कधी ठेवून गेलं कळत नाही, आणि एक दिवस कपाट उघडावं तर सगळे अंगावर!

दुकान माझं, मिरजेत, दवाखान्यांच्या गल्लीत. फवारणीचा पंप, इलेक्ट्रिक सायकल, डोक्याला बांधायची बॅटरी, ज्यात म्हणून लिथियमचा सेल असतो ते सगळं इथं दुरुस्तीला येतं. लग्नाआधी मी शिरवळच्या एका कारखान्यात बॅटरीचे पॅक जोडायचे, तिथं हात बसला. जोडीला हवालदारमामा, म्हणजे माझ्या आईचे सख्खे भाऊ, फौजेतून रिटायर झालेले. जागा वरच्या काकूंची. वरच्या मजल्यावर काकू आणि त्यांचे मिस्टर अण्णा राहतात. अण्णा हायस्कूलचे रिटायर हेडमास्तर.

जागा देतानाच काकूंनी बजावलं होतं, "सुनंदा, बॅटऱ्या पेटल्याच्या बातम्या मी पेपरात वाचते बरं का. ज्या दिवशी तुझ्याकडून धूर निघेल, त्या दिवशी शटर खाली. कायमचं!"

आणि काकू बोलतात ते करतात. ही जागा मिळण्याआधी मी अख्खी मिरज पालथी घातली होती. बॅटरीचं दुकान म्हटलं की मालक लोक दारातूनच हात जोडायचे. ही गेली तर दुसरी कोण देणार? आणि मला दुसरं काही येतही नाही. त्यामुळं मी देवापेक्षा धुराला जास्त घाबरते, खोटं कशाला बोलू!

*

दवाखान्यांच्या गल्लीत दुकान, म्हणून गिऱ्हाइकांची भाषाही तीच. "ताई, पेशंट आणलाय" म्हणतच आत येतात.

जतकडचे एक आजोबा म्हातारीला डोळ्याच्या ऑपरेशनला घेऊन आले होते. येता येता मोबाइलची बॅटरीही आणली. धोतराच्या सोग्यातून सोडवून समोर ठेवली. पुरीसारखी टम्म!

"सूज आलीया," आजोबा म्हणाले.

मी दोन हात मागं सरकले. म्हटलं, "आजोबा, फुगलेली बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही, चार्जिंगला तर अजिबात लावायची नाही."

"टोचली न्हाई बगा. रातभर वरवंट्याखाली दाबून ठिवली फकस्त. म्हटलं सूज उतरंल!"

हवालदारमामा उठले. बॅटरी अलगद उचलून बाहेर नेली, अंगणातल्या वाळूच्या बादलीत ठेवली आणि वरून ओंजळभर वाळू लोटली. खराब झालेला सेल आम्ही तिथंच ठेवतो. पेटलाच तर वाळूत पेटेल, दुकानात नाही.

आजोबा मागोमाग धावले. "आवं आवं, मूठमाती कुठं देताय! जित्ती हाय की ती अजून! सकाळच्याला लेकीशी बोललोय तिच्यावरनं!"

*

हवालदारमामांचा दुकानात एकच कायदा आहे. चार्जिंगला लावलं की संत्री पाहिजे. संत्री म्हणजे पहारेकरी. बॅटरी एकटी सोडून कोणी हलायचं नाही. जेवायला जायचं असलं तरी आधी बदली द्यायची, मग डबा उघडायचा. मी कितीदा चिडले असेन, पण मामा ऐकतील तर शपथ!

एकदा मामांना दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं आणि मी सोल्डरिंग करत होते. एका इलेक्ट्रिक सायकलचा पॅक चार्जिंगला होता. त्याचे मालक समोरच उभे. भारदस्त मिशा, साधे कपडे. मामांनी त्यांनाच स्टुलावर बसवलं.

"हात लावून बगत ऱ्हायचं. गरम लागला की प्लग काढायचा. जागा सोडायची न्हाई."

"मी जरा चहा घेऊन आलो असतो..."

"ड्यूटीवर चा न्हाई!"

मामा गेले. गृहस्थ निमूट बसून राहिले. थोड्या वेळानं त्यांचा फोन वाजला. पलीकडचा आवाज मला इकडं ऐकू येत होता, "फौजदार, आहात कुठं तुम्ही?"

ते ताडकन उभे राहिले. एक हात पॅकवर तसाच ठेवून म्हणाले, "ड्यूटीवर आहे सर! बदली येईपर्यंत हलता येत नाही!"

*

आता काकूंच्या नाकाविषयी सांगायला हवं. असलं नाक मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. खाली कोणी पेरू कापला तर वरून हाक येते, "कच्चा आहे गं!" अण्णांची सिगारेट त्यांनी ह्या नाकाच्या जोरावर सोडवली. अण्णा गच्चीत ओढायचे, काकूंना देवघरात कळायचं. शेवटी अण्णांनी देवासमोर शपथ घेतली. काकू ही गोष्ट आल्यागेल्याला सांगतात आणि अण्णा शेजारी बसून मान हलवतात.

एका सकाळी मी दुकान उघडलं, झाडलं, देवाच्या फोटोला उदबत्ती लावली आणि सेलचा ट्रे घेऊन बसले. एवढ्यात वरून बादलीभर पाणी घेऊन काकू आल्या आणि काही विचारायच्या आत टेबलावर ओतून मोकळ्या! मी, ट्रे, मीटर, देव, सगळे चिंब.

"काकू, अहो उदबत्ती होती!"

"मला काय माहीत! धूर म्हणजे धूर. देवाचा काय नि बॅटरीचा काय!"

त्या दिवसापासून आमच्या देवाला नुसती फुलं.

*

तासगावकडचा एक बागायतदार पोरगा आहे, द्राक्षाची बाग आहे त्याची. डोक्याच्या बॅटरीचा जादा सेल पँटच्या खिशात घालून फिरायचा. त्याच खिशात गाडीच्या किल्ल्या, चिल्लर, सगळा बाजार! सुट्ट्या सेलची दोन टोकं लोखंडानं जोडली गेली की तो तव्यासारखा तापतो, हे मी शंभरदा सांगितलेलं, सेल ठेवायची डबीही दाखवलेली. "व्हय व्हय" म्हणायचा आणि निघून जायचा.

एक दिवस आपणहून आला आणि म्हणाला, "ताई, ती सेलची डबी द्या."

"का रे, काय झालं?"

"दोस्ताच्या वरातीत हुतो. खिशाला चटका बसला म्हणून उडी मारली. बँडवाल्याला वाटलं गडी रंगात आला, त्यानं ताल वाढीवला! किल्ल्यांच्या झुबक्यात सेल अडकल्याला, निघंल तवा निघंल. मी नाचतोय, लोक शिट्ट्या मारत्यात, एकजण माझ्यावरनं नोट ववाळतोय! शेवटी खिसाच फाडला आन् सेल घोड्याच्या पाण्याच्या बादलीत टाकला."

मामांनी त्याच्या मांडीचा डाग बघितला आणि प्लॅस्टिकची डबी हातात दिली. "ही आदीच घ्यायची न्हाई व्हय रं?"

"आदी घेतली असती तर लगीन झालं नसतं माझं! त्याच वरातीत सासूबाई हुत्या. पोरगा हौशी हाय म्हणाल्या, आन् स्थळ आलं. आता तिकडं कुठलंबी कार्य असू द्या, मलाच म्होरं ढकलत्यात!"

*

पुण्यात कंपनीत नोकरी करणारा एक साहेब आला होता. आई इथल्या दवाखान्यात ॲडमिट. त्यानं खिशातून मुठीएवढं एक यंत्र काढलं, त्यातला सेल काढला आणि म्हणाला, "मॅडम, हा फार गरम होतो."

"यंत्र कसलं हाय हे?" मामांनी विचारलं.

"सुगंधी अर्काची वाफ ओढायचं असतं काका. सिगारेटऐवजी."

सेलचं वरचं प्लॅस्टिकचं कव्हर फाटलं होतं. मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. म्हटलं, "एक तर ह्या यंत्राला आपल्याकडं बंदी आहे. त्यात हा उघडा सेल तोंडाजवळ धरता? कव्हर फाटलेला सेल वापरायचा नाही. मिळेल त्या चार्जरला लावायचा नाही. सुटा खिशात टाकायचा नाही, डबीत ठेवायचा. उन्हात गाडीत सोडायचा नाही. भरला की चार्जरवरून काढायचा!"

नेमके तेव्हाच अण्णा पेपर घ्यायला खाली आले होते. सगळं अगदी मन लावून ऐकत उभे राहिले. मग चष्मा वर करून त्यांनी त्या साहेबाकडं निरखून पाहिलं.

"तू माझ्या शाळेतला ना रे?"

साहेबाचा चेहरा पांढराफटक! "हो सर."

"खिशातलं सगळं काढ."

चाळिशीला टेकलेला माणूस, पण हात आपोआप खिशात गेला. यंत्र, सेल आणि दोन लहान बाटल्या टेबलावर आल्या. बाटल्यांवर स्ट्रॉबेरीचं चित्र.

"महाबळेश्वरचं सरबत काय?" मामा म्हणाले.

"जप्त!" अण्णा म्हणाले. सगळं गोळा करून ते जिना चढूनही गेले. साहेब बराच वेळ तिथंच हाताची घडी घालून उभा होता. मीच म्हटलं, "जा बाबा आता, आई वाट बघत असेल."

*

त्यानंतर थोड्याच दिवसांत अण्णांनी टॉर्च घेतला.

टॉर्च आम्ही कधी पाहिला नाही, पण काकूंच्या बाजाराच्या दिवशी सेल नेमानं खाली यायचा. आणि काय सांगू, असं गिऱ्हाईक मी आजवर पाहिलं नाही! सेल डबीत. डबी रुमालात. रुमाल कोरडा. पहिल्याच खेपेला म्हणाले, "सुनंदा, ह्याला नवं कव्हर चढवून दे." चार्जरला लावला की स्वतः स्टूल ओढून समोर बसायचे, हिरवा दिवा लागला की उठायचे. मामा तर भारावून गेले. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, "सेल कसा वापरावा ते वरच्या अण्णांना इचारा. ह्याला म्हंत्यात डिसिप्लिन!"

एका संध्याकाळी सगळ्या गल्लीची लाइट गेली. जिन्यात कोणीतरी भिंत चाचपत उतरत होतं. बघते तर अण्णा, हातात मेणबत्ती!

"अण्णा, टॉर्च कुठंय?"

"उगाच सेल कशाला खर्च करायचा?" अण्णा म्हणाले.

मामा माझ्याकडं वळून म्हणाले, "बग. शीक जरा!"

*

आणि मग ती दुपार. काकू बाजारात गेल्या होत्या. मामा पहाऱ्यावर, मी एका पॅकचं झाकण बसवत होते. तेवढ्यात समोरचे औषधवाले ओरडले, "ताई, धूर! तुमच्यातनं धूर!"

मी बाहेर धावले. आमच्या पाटीच्या वर पांढरा, जाड धूर. आणि त्याच वेळी कोपऱ्यावरून काकू वळल्या! त्यांनी वर बघितलं, हातातली पिशवी सोडली. भेंडी सगळ्या रस्त्यावर.

"सुनंदा! शटर!"

"काकू, आत काही नाही हो, खरंच काही नाही..." डोळ्यांतून घळाघळा पाणी. सगळं संपलं असंच वाटलं मला.

मामा वाळूची बादली घेऊन धावत आले. "वैनी, समद्या बॅटऱ्या हजर हायत! येकबी गरम न्हाई!"

"धूर म्हणजे धूर!" काकूंनी स्वतः शटरला हात घातला आणि अर्धं खाली ओढलं.

तिथंच थांबल्या. नाक वर गेलं. एकदा हुंगलं. पुन्हा एकदा हुंगलं. वर मोरीच्या झरोक्यातून आणखी एक भला मोठा ढग बाहेर आला आणि अख्ख्या गल्लीत, हंगाम नसताना, स्ट्रॉबेरीचा घमघमाट सुटला!

काकूंनी सावकाश शटर वर ढकललं.

"राहू दे उघडं," मला म्हणाल्या. मग मामांच्या हातातली बादली घेतली आणि जिना चढून गेल्या. आम्ही खाली माना वर करून उभे. औषधवाल्यांनी तर दुकान सोडलं होतं. वर कडी वाजली.

"अहो! काय करताय आत?"

मग आतून हेडमास्तरांचा आवाज आला, जरा घोगरा.

"टॉर्च बघतोय. लागतो का!"

दार उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं काकू खाली आल्या, बादली तिच्या जागेवर ठेवली. वरची वाळू हातानं छान सारखी केलेली होती. त्यांच्या मागं जिन्यात अण्णा, बनियनवर.

"अगं, टॉर्च पुरताना सेल आत ठेवायचा नसतो! आधी बाहेर काढायचा, डबीत ठेवायचा! सुनंदा, तू तरी सांग हिला!"

मी खाली बसून भेंड्या गोळा करायला लागले. मान वर करायची माझी छाती नव्हती.

"हवालदार," काकू म्हणाल्या, "उद्यापासून एक संत्री वर पाहिजे."

मामांनी टाचा जुळवल्या. मग हळूच विचारलं, "चा मिळंल न्हवं, वैनी?"

"मिळेल की," काकू म्हणाल्या. "ह्यांच्या वाटणीचा!"