पाळण्याखालून

चालायला जाताना मी कानात इअरफोन घालते, म्हणजे कुणी बोलायला येत नाही. क्रांती चौकाजवळच्या मैदानावर मात्र मी कानात ऐकते तोच वजन कमी करण्याच्या ॲपवरचा कार्यक्रम एक काकू मोबाइलवर सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं लावायच्या. काकू करमाड गावाकडच्या, अंगावर नऊवारी आणि पायात मुलाचे बूट. ॲपमधली बाई "खोल श्वास घ्या" म्हणाली, की त्या उत्तर द्यायच्या, "घेते की बाई, जरा दम धर."

एकदा ॲप अडलं, म्हणून त्यांनी मला हाक मारली. ते सुरू करून देताना मी विचारलं, "रोज येता, काकू?"

"यावंच लागतं. थोरल्या नातवाच्या बारशात बाया पाळण्याखालून बाळ देत-घेत होत्या. मला खाली बसता येईना. घरच्याच बारशात खुर्चीवर बसवलं मला, पाहुण्यावानी. आता धाकट्या सुनेला दिवस गेलेत. ह्या बारीला मी खालीच बसणार."

त्यानंतर काही महिने त्या रोज दिसायच्या, मग बरेच दिवस दिसल्या नाहीत. परवा आल्या, वजनानं चांगल्याच उतरलेल्या. या वेळी त्यांनी हाक मारायच्या आधीच मी विचारलं, "बारसं झालं?"

"झालं. नात हाय."

मोबाइल माझ्या हातात देऊन त्यांनी तिथंच मातीत मांडी घातली. "चालत राहा," मोबाइलमधली बाई म्हणाली.

"गप गं, बसू दे."

त्या उठू लागल्या तसा मी हात पुढं केला.

"नगं. बारशात बी कुणाचा घेतला नाय."

आणि त्या उठल्या. मी टाळ्या वाजवल्या. सगळं मैदान आमच्याकडं बघत होतं, आणि मला वाटलं, बघू दे.