स्वस्तातला सूर्यास्त

स्वस्तातल्या सहली काढणाऱ्या माणसाच्या गळ्यात शिट्टी कशाला लागते, हे मला आजवर कळलेलं नाही. अमरावतीला आमच्या आईच्या कॉलनीत असा एक गृहस्थ आहे. निवृत्त झाल्यापासून तो लोकांना कुठे ना कुठे नेत असतो. गेल्या हिवाळ्यात त्यानं व्हॉट्सॲपवर टाकलं, चिखलदरा, वैराटच्या माथ्यावरचा सूर्यास्त, मार्गदर्शकासह, जेवणासह. मार्गदर्शक तो स्वतःच, सूर्यास्त फुकटचा, म्हणजे सगळी सहल जेवणावरच उभी होती. हे मला तेव्हाच ओळखता आलं असतं.

पण आईचा अकोल्याला मला फोन आला. "मले जायचं आहे. तू येतं का संग?" आमच्या आईनं आयुष्यात स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही, म्हणून मी विचारलं, एकदम सूर्यास्त कशाला? तर म्हणाली, "मी सूर्य बुडतानी पाह्यलाच नाई कधी." मला आधी हसू आलं आणि मग संताप आला, कारण ते खरं होतं. दिवेलागणीला देवापुढं दिवा लावायचा, की लगेच कणकेत हात. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे.

मी रजा टाकून आले. दादाही निघाला. आई त्याच्याजवळच राहते, पण तो काही आईसाठी निघाला नव्हता. जेवणात रोडगे होते.

घाट चढताना शिट्टीवाल्याचं मार्गदर्शन सुरू होतं. डावीकडं दरी आली की "डावीकडं दरी आहे" आणि वळण आलं की "आता वळण आहे". परतवाड्यापासून हे ऐकून माझं डोकं उठलं. आई मात्र खिडकीशी बसून वर सूर्य कुठवर आलाय ते बघत होती.

चिखलदऱ्याला एका लॉजच्या मागच्या आवारात गाडी थांबली आणि टपावरून गोवऱ्यांची पोती उतरली. तेव्हाच मी घड्याळ बघितलं. कणकेचे ते जाडजूड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायला किती वेळ खातात, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी रोडग्यांच्या पार्टीला घड्याळ लावणारी जात फक्त आमचीच. "चारपर्यंत होऊन जाते बा," असं शिट्टीवाला म्हणाला आणि बाप्ये माणसं पत्ते घेऊन सतरंजीवर पसरली.

बायकांनी पदर खोचले. कुणी सांगावंही लागलं नाही, हेच मला जास्त झोंबलं. शिट्टीवाला आईजवळ आला. "काकू, वांग्याच्या भाजीले तुमचा हात लागला तं चव येईन." आई उठली. मी तिचा हात धरला, तर म्हणाली, "होते पटकन." पटकन काहीही झालं नाही. गोवऱ्या दमट निघाल्या, धुरानं सगळ्यांचे डोळे चुरचुरले, आणि रोडगे आतून कच्चे म्हणून पुन्हा निखाऱ्यात गेले.

मग पंगत. पहिली अर्थातच बाप्यांची. आमच्याकडं पंगतीतून कुणी एकट्यानं उठत नाही, शेवटच्याचं होईस्तोवर सगळे बसून राहतात, आणि शेवटच्याला आग्रह करून करून आणखी शेवटचा करतात. दादानं तर वाटीभर तूप रोडग्यावर ओतून घेतलं आणि हाक मारली, "आई, वरण आण वं!" आई बादली घेऊन वाकली होती. तिच्या पाठीमागं उन्हाला पिवळा रंग चढला होता. मला त्या ताटावर लाथ मारावीशी वाटली.

पंगत उठली आणि लागलीच शिट्टी वाजली. वैराटला मोठी गाडी जात नव्हती, दोन जिप्सी ठरवल्या होत्या. "जे जेवले ते पहिले बसा! बायका जेवून दुसऱ्या फेरीले येतीन." दुसऱ्या फेरीपर्यंत वर काय उरणार होतं? काळोख. मी तेच म्हणाले, चांगलं ओरडून म्हणाले. शिट्टीवाला म्हणाला, "ताई, आता उपाशी पोटी नेऊ का त्याईले?"

दादा ढेकर देत ड्रायव्हरशेजारी बसत होता. मी त्याला दंडाला धरून खाली उतरवलं. "तू मांगून ये. तुला घाई नाही, तुझं पोट भरलंय." तो म्हणाला, "अवं, पण आई जेवली कुठं?" आयुष्यात पहिल्यांदा त्याला हे दिसलं होतं, तेही स्वतःची जागा गेल्यावर. आईनं हातातली पळी भाजीच्या गंजात सोडली, पदराला हात पुसले आणि जिप्सीत चढली. "सूर्य काई माह्यासाठी थांबत नाई," एवढंच ती म्हणाली. मग आणखी बायका चढल्या. मी दोन रोडगे उचलून ओढणीत बांधले. खाली जागेसाठी भांडण जुंपलं होतं, ते आमच्यामागं राहिलं.

माथ्यावर वारा बोचरा होता. सूर्य डोंगरांच्या रांगेवर टेकायला आला होता. आई एका दगडाशी उभी राहिली आणि मला वाटलं, चला, मिळालं एकदाचं. तेवढ्यात दुसरी जिप्सी आली. शिट्टीवाल्यानं बॅनर काढला, दोघांना धरायला लावला आणि सगळ्यांना सूर्याकडं पाठ करून रांगेत उभं केलं. मागं सूर्यास्त हवा ना फोटोत! माणसं आज्ञाधारकपणे वळली. एवढा घाट चढून आलेली माणसं, सूर्य बुडत होता त्याच वेळी मोबाईलकडं बघून दात काढत होती.

"काकू, इकडं पाहा!" शिट्टी. "काकू!" पुन्हा शिट्टी. दादानं खांद्याला हात लावला. "आई, फोटो चालू आहे नं. कावून अशी करून राहिली?"

आई वळली नाही. तिथूनच म्हणाली, "तुमचे थोबाडं तं रोजच दिसतेत मले."

शिट्टी थांबली. सूर्य पूर्ण जाईपर्यंत आई तशीच उभी होती. नंतर दगडावर बसून तिनं ओढणीतला गार रोडगा वरण-भाजीशिवाय, कोरडाच खाल्ला. मी दुसरा पुढं केला, तर म्हणाली, "तू खाय. तूही जेवली नाईस." मला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला.

फोटो दुसऱ्या दिवशी ग्रुपवर आला. बॅनर, दादा, शिट्टीवाला, सगळ्यांचे दात, आणि कडेला आईचा अंबाडा आणि धुरानं काळवंडलेली पाठ. सूर्य बॅनरमागं दडला होता. आईनं सगळा फोटो खराब केला, म्हणून दादा दोन दिवस धुसफुसत होता. शिट्टीवाल्यानं तर तिला कापून तो पुन्हा टाकला.

मी पहिला जपून ठेवला आहे. त्यात सूर्य पाहिलेलं माणूस एकच आहे, आणि त्याचं तोंड दिसत नाही.