सासूबाईंची शुद्ध मराठी

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही, ते आपसूक साठत जातात. घरी पाहुणे आले, चहा झाला की माझा नवरा निलेश म्हणतो, "तो फोनचा सांग ना!" आणि एकदा फोनचा सांगितला की पुढचेही सांगावे लागतात. मी पुण्याची. लग्न करून आले थेट गोंदिया जिल्ह्यात, चोरखमारा तलावाच्या पाण्यावर धान पिकवणाऱ्या घरात. दोन्हीकडे मराठीच, त्यामुळे भाषेचा प्रश्नच येणार नाही, असं माझे आईवडील सगळ्यांना सांगत होते!

*

तर फोन. लग्न ठरून आठवडा झाला होता. अनोळखी नंबर, बसलेला घोगरा आवाज.

"मी निलेशच्या घरून बोलून राहिलो. जेवली का तू?"

मी ताडकन उभी राहिले. "हो बाबा, जेवले! आईंची तब्येत कशी आहे?"

"बापा! मीच आई होय ना बाई! सर्दी झाली मले."

इकडे बायकाही सर्रास "मी येतो, मी करतो" म्हणतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मागून सासरे विचारत होते, "कोन कोनाले बाबा म्हनून राहिलं?"

दोन्ही घरं पोट धरून हसली. हसल्या नाहीत त्या फक्त सासूबाई. आपलं बोलणं पुण्याच्या सुनेला कळत नाही, हे त्यांनी मनाला लावून घेतलं. यापुढे तिच्याशी शुद्धच बोलायचं, असं ठरवून टाकलं.

*

लग्नानंतरची पहिली सकाळ. सासूबाई दारात उभ्या. "सूनबाई, आपण स्नाण केले का?"

बोलीत 'ण'चा 'न' होतो ना, म्हणून शुद्ध बोलताना त्या सापडेल त्या 'न'चा 'ण' करायच्या. दुपारी पानावर भात वाढत म्हणाल्या, "मणापासून जेवा."

निलेश म्हणाला, "आई, मणभर कायले? ताटभर पुरे तिले."

ओसरीवरून बाबांनी विचारलं, "रेडिओवर बातम्या लागल्या का वो?"

हसू मलाही आलं. पण हळूहळू ते हसू कमी झालं. स्वयंपाकघरात त्या शेजारणीशी धडाधड बोलत असायच्या, निलेशवर खेकसायच्या, बाबांना टोमणे मारायच्या. मी आत गेले की आवाज खाली यायचा आणि 'आपण' सुरू व्हायचं. सासू कधी ओरडत नाही म्हणून पुण्याच्या मैत्रिणी माझा हेवा करायच्या. मला मात्र फार एकटं वाटायचं. पाहुण्यावर कोण ओरडतं?

*

मग मीच बोली शिकायचं ठरवलं. महिनाभर निलेशने शिकवणी घेतली. पहिला प्रयोग गोंदियाच्या बाजारात, साडीच्या दुकानात.

मी पदर खोचून म्हटलं, "काऊन भाऊ, इतकी महाग कायले लावून राहिले?"

दुकानदाराने मला नीट न्याहाळलं. "मॅडम, हिंदी में बोलिए ना. आप साऊथ से हो क्या?"

*

एकदा सासूबाई आणि मी दोघीच कचारगडच्या गुहा बघायला गेलो. दरेकसाच्या छोट्याशा स्टेशनवर उतरलो आणि पुढे निघालो. चढणीवर माझी पार दमछाक झाली. त्या माझ्या दुप्पट वयाच्या, पण पुढे झपझप चालत होत्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "आपण थकला असाल. येथे विश्रांती घ्यावी. जलपाण करावे."

बाजूच्या दगडावर एक म्हातारी बसली होती. तिने विचारलं, "पोरगी होय का तुही?"

"नाही जी, सून होय. पुन्याची."

"मंग तिले भाषन काऊन देऊन राहिली?"

सासूबाई लाजून हसल्या. मला वाटलं, चला, आता सुटलं! पण उतरताना माझा हात धरून त्या म्हणाल्या, "सावकाश यावे." हात मात्र त्यांनी खालपर्यंत सोडला नाही.

*

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. बारा दिवसांची पोर मांडीवर घेऊन सासूबाई सुरू झाल्या, "काऊन वो माय, कायले रडून राहिली? कोनं मारलं तुले? तुह्या बापानं मारलं?"

आणि माझ्याकडे वळून, "बाळाला भूक लागली असावी."

मला चक्क माझ्याच मुलीचा हेवा वाटला! जे मला तीन वर्षांत मिळालं नाही ते हिला बारा दिवसांत! मी डोळे पुसले. निलेशने विचारलं, काय झालं? आता हे कुणाला सांगायचं?

*

आणि हा मागच्या पावसाळ्यातला.

मी तालुक्याच्या शाळेत शिकवते. धानाच्या रोवणीचे, म्हणजे लावणीचे दिवस होते, सकाळपासून पाऊस धरलेला. शाळा लवकर सुटली. गावाजवळच्या नाल्यावर बुटका पूल आहे, रपटा म्हणतात त्याला. त्यावरून घोट्याइतकं पाणी वाहत होतं. घरी लेक तापाने फणफणलेली. मी फार विचार केला नाही आणि स्कूटर पाण्यात घातली. मधोमध मागचं चाक सरकलं. कशीबशी सावरले आणि पलीकडे निघाले.

ही बातमी कुणाच्या तरी फोनने माझ्याआधी घरी पोचली होती. सासूबाई अंगणात पावसातच उभ्या होत्या. पाय चिखलाने भरलेले, म्हणजे धानाच्या बांधीतून धावत आलेल्या.

"काऊन वो! डोरे फुटले का तुहे? रपट्यावरून पानी जाऊन राहिलं, दिसत नाही का तुले? मास्तरीन होय का कोन होय? वाहून गेली असती तं? या लेकराले काय सांगू मी? तुह्या मायले पुन्याले काय सांगू? अन् मी? मी काय करू, सांग ना!"

निलेश दारात आला. ओसरीवर बाबा लेकीला कडेवर घेऊन उभे होते. सासूबाईंना धाप लागली होती. एकदम त्या भानावर आल्या, पदर सारखा केला. "म्हणजे... आपण... आपण असे करायला..."

मी गाडी तशीच आडवी टाकली.

"आई," मी म्हटलं, "आणखी बोल ना."

"आनखी काय बोलू? डोस्कं पूस पयले!"